गॅलरीत आई उभी राहिली

अप्पा, आधीच सांगते, लिहिण्यात चुका असतील. गावाकडं चौथीपर्यंत मराठी शाळा झाली, मग हितं आल्यावर सगळं कन्नड, आणि नववीनंतर तेही सुटलं. मोबाईलवर एकेक अक्षर शोधून दाबते, काना टाकायला जाते तर वेलांटी पडते. म्हणून हळू चाललंय. दुपारची गिऱ्हाईकं संपलीत. आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलीय, हाताचं पीठ पण धुतलं नाही तिनं. मी ज्वारीची पोती ठेवतात त्या खोलीत बसलेय. तुम्हाला हे काहीच माहीत नाही. तुम्ही गेल्यावर आई राजाजीनगरच्या ह्या खानावळीत भाकऱ्या थापायला लागली, आणि शाळा सुटल्यावर मी पण. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते, आता अठरावं लागलंय. आपल्या सीमेकडची माणसं येतात जेवायला, ताटात गरम भाकरी पडली की बोलायची थांबतात. मी आतच असते. वाढायला बाहेर जा म्हटलं की मी अजून भांडी घासायला घेते.

काल आम्ही विधानसभेत गेलो होतो. खरंच गेलो होतो, मी आणि आई. तुमच्याबद्दल प्रश्न होता.

पण आधी मागचं सांगते, कारण तुम्ही गेल्यानंतर काय काय बोललं गेलं ते तुमच्यापर्यंत कुठं पोचलंय. सर्जापूर रोडच्या त्या अपार्टमेंटात, खाली गाड्या लावतात त्याच्याही खाली, सगळ्या घरांचं घाण पाणी जिथं साठतं, त्या टाकीतला पंप अडकला म्हणून तुम्हाला उतरवलं. आत गॅस होता. वर आणलं तेव्हा तुम्ही नव्हताच. कागदावर मात्र लिहिलं, पाय घसरून पडले. तेवढंच. मग गावाकडं थोरले काका दहाव्याच्या दिवसाला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साधा पाय घसरून माणूस मरतोय व्हय? प्यायला असणार. शहरात राहून काय शिकला असंल कुणाला ठाऊक." अप्पा, तुम्ही चहा सोडून कशाला तोंड लावलं नाही. आई तेव्हा ताटं उचलत राहिली. पण त्या दिवसापासनं तिला एकच पाहिजे आहे, कुणीतरी मोठ्या माणसानं चारचौघांत सांगावं की तो प्यायला नव्हता, त्याला खाली उतरवलं होतं. मदतीचं मिळालं तर मिळालं, नाही तर नाही, असं ती म्हणते. पण हे पाहिजे.

मला तुमचा एक दिवस सारखा आठवतो. तुम्ही कामावरनं आलाय, अजून चप्पल पायात आहे आणि हसताय. आई म्हणतेय, काय झालं हसायला. तुम्ही म्हणताय, "आज फोटोपुरता साहेब झालो." अपार्टमेंटात सुरक्षेचा कार्यक्रम होता. गुडघ्यापर्यंत बूट, हातमोजे, तोंडाला मास्क, डोक्यावर पिवळी टोपी, सगळं घालून तुम्हा लोकांना रांगेत उभं केलं, फोटो काढले, आणि मग सुपरवायझरनं सगळं मोजून परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. "बूट काढताना एकाचा पाय अडकला," तुम्ही सांगताय, "तर सुपरवायझर म्हणतो, अण्णा, बेगा, लवकर काढ, फाटेल." आई पण हसली होती. त्या कार्यक्रमात सगळ्यांना एकेक स्टीलची बाटली दिली होती, ती तेवढी परत घेतली नाही. ती तुम्ही मला दिली. शाळेत मी तीच नेत होते, नंतर खानावळीत तीच. खाली पोचा आलाय तिला, झाकण नीट बसत नाही.

आणि दुसरा दिवस रेशन दुकानाचा. तुम्ही मला एकटीला पाठवलं होतं. दुकानदारानं तांदूळ कमी दिला, मला कळलं होतं, पण मी गप पिशवी घेऊन आले. तुम्ही पिशवी हातानं उचलून बघितली आणि विचारलं, का विचारलं नाहीस? मी खाली बघत उभी. तुम्ही ओरडला नाही, पण ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाला, "तोंड आहे नव्हं तुला? विचारायचं. दिलं नाही तर नाही, पण विचारायचं." मग मला परत घेऊन गेला, आणि दुकानापासनं लांब, खांबाजवळ उभे राहिलात. मला एकटीलाच जायला लावलं. मी गेले, उभी राहिले, दोनतीन माणसं पुढं गेली, आणि मी परत आले. येताना तुम्ही मला शेंगा घेऊन दिल्या.

तर काल. टाक्या साफ करणाऱ्यांच्या संघटनेत एक अक्का आहेत, त्यांनी आईचा पत्ता काढला होता. त्या कन्नडच बोलतात, आईला स्वल्प स्वल्प कळतं, बाकी मी सांगते. त्यांनी एका विरोधी पक्षाच्या आमदार बाईंना सगळं सांगितलं आणि त्या बाईंनी सभागृहात प्रश्न लावला. राज्यात अशा टाक्यांत किती माणसं मेली, यंत्रं घ्यायला किती निधी दिला, तो कशावर खर्च केला, घरच्यांना काय मिळालं. मंत्र्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं. अक्कांनी दोन पास आणले. आईनं गावाला फोन केला. थोरल्या काकांना म्हणाली, "भाऊजी, उद्या लावा. थेट दाखवतात म्हणे." काका म्हणाले, पंचायतीच्या टीव्हीवर लावतो की, सगळेच बघू. आई रात्रीच साडी उशाखाली घडी करून झोपली, चुण्या पडू नयेत म्हणून.

दारावर पोलीस सगळं काढून घेतात. मोबाईल अक्कांनी त्यांच्या गाडीत ठेवायला घेतले. माझ्या पिशवीत बाटली होती, ती एका पोलिसानं काढली, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकली आणि हातात टोकन दिलं. वर गॅलरी आहे. सिनेमातल्या बाल्कनीसारखी, खाली सगळे दिसतात. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस तेवढंच बघत फिरत असतो. खाली कुणाचा तरी रस्त्याचा प्रश्न चालला होता. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्य त्या रस्त्यावरनं रोज जातात आणि तरी ताजेतवाने दिसतात, म्हणजे रस्ता बरा असणार. सगळे हसले. आई मला हळूच म्हणाली, "माणूस बरा दिसतोय गं." पण तो वेगळा मंत्री होता.

मग आपला नंबर पुकारला. अप्पा, आई उभी राहिली. मदतीच्या पैशासाठी कामगार कोर्टात जाऊन जाऊन तिला तेच माहीत, पुकारा झाला की उभं राहायचं. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि उभी राहिली, सगळ्या गॅलरीत एकटी. पांढऱ्या कपड्यातला माणूस हात खाली वर करत आला, कुतकोळ्ळी, कुतकोळ्ळी, म्हणजे बसा बसा. मी आईचा पदर ओढला. "बस गं आई."

"आपला नंबर पुकारला नव्हं? बसून कसं चालंल?"

"आपल्याला नाही, बाईंना पुकारलं."

ती बसली, पण अर्धीच, पुढं सरकून. खाली आपल्या खात्याचे मंत्री उठले, एक वाक्य बोलले आणि खाली बसले. आईनं माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणाले?"

"उत्तर दिलेलं आहे, म्हणाले."

"कधी?"

"कागदावर. आमदारांना आधी छापून देतात."

"आपल्याला कुठं दिलं?"

तिथं असंच असतं, अक्कांनी मला नंतर सांगितलं. उत्तर आधीच छापून वाटलेलं असतं, मंत्री नुसतं म्हणतात दिलंय, मग पुढं आमदारांनी त्यावर विचारायचं. आमदार बाई उठल्या आणि त्यांनी तो कागद वाचला. गॅसनं झालेले मृत्यू, नाहीत. मग घरच्यांना काय मदत दिली, तर प्रश्नच उद्भवत नाही. कन्नडमध्ये पण उद्भवच म्हणतात, म्हणून ते आईला मी न सांगता कळलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. मग मंत्री खर्चाचं सांगायला लागले आणि बराच वेळ सांगत राहिले. यंत्रं घेतली, जिल्ह्यांना वाटली, जनजागृतीची पथनाट्यं केली, चौकाचौकात फलक लावले. आपल्या खानावळीच्या कोपऱ्यावर पण एक फलक आहे, पिवळी टोपी घातलेला माणूस अंगठा वर करून हसतोय. मी रोज त्याच्याखालनं येते. ते पैसे त्याला लागले होय, असं मला तेव्हा कळलं. आणि कामगारांना सुरक्षा साहित्य दिलंय, म्हणाले. अप्पा, ते खोटं बोलले असंही म्हणता येत नाही. दिलं होतं की. फोटोपुरतं.

आमदार बाईंचा आवाज मग चढला. त्या म्हणाल्या, "एकही मेला नाही म्हणता, मग आत्ता वर गॅलरीत हात जोडून कोण उभं राहिलं होतं? तिचा नवरा पाय घसरून पडला नाही, त्याला गॅस असलेल्या टाकीत उतरवलं. प्यायला नव्हता तो." हेच, अप्पा. हेच वाक्य. आईनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. पण बाईंचं 'गॅलरीत' एवढं ऐकल्यापासनंच अध्यक्ष घंटी वाजवत होते. गॅलरीतल्या माणसांचा उल्लेख करायचा नाही, असा तिथला नियम आहे. अध्यक्ष म्हणाले, हे कडतात जाणार नाही, काढून टाका. कडत म्हणजे त्यांचं दप्तर, जिथं सगळं लिहून राहतं. बाईंचा माईक तर पहिल्या घंटीलाच बंद झाला होता. त्या बोलतच होत्या, आम्हाला वर ऐकू येत होतं, कारण आम्ही तिथं होतो. मंत्री उठून म्हणाले, माहिती मागवून सदस्यांना लेखी कळवतो. सरी, म्हणजे बरं, म्हणाले अध्यक्ष. पुढचा प्रश्न नारळाच्या झाडांच्या रोगाचा होता. आई अजून पुढं सरकूनच बसली होती. मी सांगितलं, झालं. ती म्हणाली, "थांब, अजून बोलतील." नारळाचं पूर्ण होईपर्यंत आम्ही बसलो.

बाहेर आलो ते दुसऱ्याच दारानं. अक्कांनी मोबाईल परत दिले आणि त्या दुसऱ्या कुणाशी बोलायला पुढं गेल्या. आईनं तिथंच फुटपाथवर काकांना फोन लावला, स्पीकरवर, गाड्यांच्या आवाजात.

"बघितलं की," काका म्हणाले. "सगळे बसलो होतो. कोण बाई उठली, तोंड हलत होतं, पण आवाजच नाही. टीव्ही बिघडला म्हणून पोरानं दोनदा थोपटला. काय बोलली ती?"

आईनं पदर तोंडाजवळ नेला. मला वाटलं रडेल. पण ती नीट म्हणाली, "तुमचा भाऊ प्यायला नव्हता, असं बोलली."

"मंत्री असं बोलला?"

"नाही. बाई बोलली. मंत्री म्हणाला, माहिती मागवतो."

काकांनी तिकडं कुणाला तरी टीव्ही बंद कर म्हटलं. मग म्हणाले, "बरं बरं. येऊ दे की माहिती. मग बघू." आणि जेवलीस का, वगैरे विचारलं.

आज सकाळी मी तो व्हिडिओ शोधला. त्यात बाई उठतात, आणि लगेच मंत्री म्हणतात, माहिती मागवून कळवतो. मधलं काहीच नाही. आई उभी राहिली ते तर कॅमेऱ्यातच नव्हतं. मी आईला दाखवलं नाही, पण तिनं स्वतःच विचारलं, "आपलं काढलं असंल नव्हं?" मी होकारार्थी मान हलवली. ती परातीत पाणी ओतून पीठ मळायला लागली. म्हणाली, परत प्रश्न लावता येतो का विचार अक्कांना. मी हो म्हटलं. अजून विचारलं नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगते. ती बाटली तिथंच राहिली. दुसऱ्या दारानं बाहेर पडल्यावर मला आठवलं होतं. पहिलं दार लांब नव्हतं, क्रेट पण लांबनं दिसत होता, आणि तो पोलीस कुणावर तरी ओरडत होता. मी टोकन मुठीत धरून थोडी चालत गेले, खांबाजवळ उभी राहिले, आणि परत आईजवळ आले. आईला म्हटलं, काही नाही. टोकन अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मालक अण्णांचा आत्ता फोन आला. खानावळीत भाकरीचं मशीन येतंय. उद्या सकाळी बसवायला माणसं येणार आहेत, आम्ही जरा उशिरा आलो तरी चालेल म्हणाले.