सिरिंजची ब्युरेट

७ जुलै, सोमवार

लॅब बंद! इमारत धोकादायक ठरली, दाराला सील लागलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत वर्ग भाड्याच्या जागेत, आणि रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल – ऑनलाइन.

ऑनलाइन! आधी संस्थेच्या सेक्रेटरींनी आपली दाढी ऑनलाइन करून घेऊन दाखवावी.

मीटिंगमध्ये उभी राहिले आणि बोलले. जयंतीच्या सभेत बोलते तशी, टेबलावर हात आपटून. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं भाषण ऐकायला नेहमीच छान वाटतं." आणि पुढचा विषय घेतला – कॅन्टीनचा.

जिन्यात चंद्रप्रकाश सर समजूत घालायला आले. विभागप्रमुख ना ते! "वनमालाताई, डोकं कशाला तापवता? दोन वर्षं काढायची. नव्या इमारतीत झकास लॅब मिळणार आहे आपल्याला."

दोन वर्षं! माझी तिसऱ्या वर्षाची मुलं दोन वर्षं थांबणार आहेत? आजवर चौघांत एक पिपेट होती त्यांना; प्रत्येकाच्या हातात येणार ती याच वर्षी.

१० जुलै

सॉफ्टवेअर आलं. मोबाइलवर ब्युरेटचं, त्या खुणांच्या काचेच्या नळीचं, चित्र. तोटीवर बोट ठेवलं की थेंब पडतो, रंग बदलतो, रीडिंग आपोआप लिहिलं जातं. अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच. एकाचंही चुकलं नाही. चुकता येतच नाही!

"काही शंका?" म्हटलं. प्रीतम आरे कॉलनीत राहतो. घरात नेटवर्क नाही म्हणून तबेल्यामागच्या रस्त्यावर उभा होता. मागून म्हशी ओरडत होत्या. म्हणाला, "मॅडम, यात आपण केलं काय?"

काही नाही रे बाबा. काहीच नाही.

१५ जुलै

माझ्या वडिलांना गावच्या शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. मला लॅब पहिल्या दिवशीच आवडली ती याच कारणाने – तिथे हात लावल्याशिवाय मार्क मिळत नाहीत! ज्या पिपेटला गोखल्यांच्या मुलीचा हात, त्याच पिपेटला माझा. "लांबून बघा" हे वाक्य मी आयुष्यभर सभांत झोडपलं. आता तेच मुलांना सांगू? जमणार नाही.

दिवसभर विचार केला. ठरलं. मोठी सिरिंज, सुई न लावता – तीच ब्युरेट. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून ठेवायचा, वरची निवळी घ्यायची, चिमूटभर हळद टाकायची – लाल! मग सिरिंजने थेंब थेंब व्हिनेगर, पाणी घालून पातळ केलेलं. पिवळं झालं की थांबायचं. चष्मा डोळ्यांवर हवाच. प्रत्येकाने आपापल्या ओट्यावर करायचं. सॉफ्टवेअर गेलं खड्ड्यात.

१८ जुलै

विकीचा फोन. "मॅडम, मेडिकलवाला सिरिंज देत नाही. म्हणतो, बापाला घेऊन ये."

"फोन दे त्याला."

"ताई, आजकालची पोरं सिरिंजचं काय काय करतात, तुम्हाला माहीत नाही," मेडिकलवाला म्हणाला.

मी म्हटलं, मी त्याची प्राध्यापक आहे, प्रयोगासाठी हवी आहे. समाजाने तरुणांवर विश्वास कसा ठेवायला हवा, तेही सांगितलं. जरा लांबलंच असावं. कारण मध्येच तो म्हणाला, "ताई, भाषण नको. डॉक्टरची चिठ्ठी आणा."

"अहो, मी डॉक्टरच आहे!"

"मग लिहा ना चिठ्ठी."

"रसायनशास्त्राची डॉक्टर!"

फोन कट. शेवटी मी स्वतः घाटकोपर स्टेशनसमोरून सगळ्यांच्या सिरिंज घेतल्या. तिथला दुकानदार माझ्याकडे फार प्रेमाने पाहत होता. काय समजला कोण जाणे.

२४ जुलै

झालं! पहिलं प्रॅक्टिकल. माझ्या लेकीने, श्रुतिकाने मोबाइल धरला, मी आमच्या ओट्यावर करून दाखवलं आणि पोरांनी आपापल्या घरी. काय तो गोंधळ! कुणाची निवळी गढूळ, कुणी हळद अख्खा चमचा टाकलेली. कुणाची तरी आई मागून ओरडते, "मेल्या, तो माझा चहाचा ग्लास आहे! टाक ते ओतून!"

आणि रीडिंग? प्रत्येकाचं वेगळं. वा! तेजलने दोनदा घाई केली, तिसऱ्यांदा थेंबावर थांबली. विकीचं तर भलतंच निघालं. सगळ्यांपेक्षा दुप्पट व्हिनेगर लागलं त्याला. पुन्हा करायला लावलं – तेच! मग उलगडा झाला. बाकीच्यांनी बाटली आणली होती. ह्याने खालच्या चायनीजच्या गाडीवरून वाटीभर मागून आणलं होतं.

"मॅडम, गाडीवाला पाणी घालतो! वाट लावली ना माझी!"

वर्गभर हसणं. पण त्याने हे हाताने शोधून काढलं. सॉफ्टवेअरमध्ये येतो का गाडीवाला?

२ ऑगस्ट

आज शिकवताना ओट्यावर हात आपटला. श्रुतिका म्हणाली, "आई, चुना सांडतोय. सभा नाहीये."

१२ ऑगस्ट

सेक्रेटरींचा फोन, स्वतःहून! त्यांच्या भाचीने माझं प्रॅक्टिकल पाहिलं म्हणे. ती दुसऱ्या कॉलेजातली, तरी पोरं एकमेकांना पाठवतात. "मॅडम, फार जिवंत शिकवता. सगळी रेकॉर्डिंग पाठवून द्या बरं."

पाठवली. सगळीच्या सगळी. इतकी वर्षं हा माणूस माझं ऐकत नव्हता, आता पाहतोय तरी. पाहू दे! मुलांची धडपड दिसली की लॅबचं काम लवकर हलेल.

३० ऑगस्ट

प्रीतमचा अंधेरीला इंटरव्ह्यू होता. तपासणीची मोठी लॅब, नोकरी पक्की होण्यासारखी. बापाची कंत्राटी नोकरी गेल्यापासून घर ह्याच्याकडेच डोळे लावून बसलंय. तोंडी सगळं बरोबर सांगितलं त्याने. मग त्यांनी हातात पिपेट दिली – "दहा मिलि मोजून दाखव."

"मॅडम, मला माहीत होतं सगळं. तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं. हातच चालेना. पाणी खाली सटकत होतं. तो माणूस म्हणाला, ऑनलाइन बॅच ना तुमची?"

सिरिंजचा दांडा दाबला की झालं. पिपेटमधलं पाणी वरच्या तोंडावर ठेवलेल्या बोटाने तोलून धरावं लागतं. ते मी स्वयंपाकघरातून कसं देऊ?

पुन्हा बोलावलंय त्याला, पंधरवड्याने. शेवटची संधी.

३ सप्टेंबर

मुलुंडच्या एका कॉलेजात माझी जुनी मैत्रीण आहे, सुगंधा. दर रविवारी त्यांची लॅब वापरू द्यायला तयार आहेत ते! आमच्या संस्थेने फक्त विनंती करायची.

सेक्रेटरींना फोन केला.

"कशाला दुसऱ्याच्या दारात जायचं? तुमचं ऑनलाइन एक नंबर चाललंय. आम्ही चार ठिकाणी दाखवलं."

"सर, लॅब नाही म्हणून ते करतेय मी. लॅबच्या बदल्यात नाही."

"तेच ते."

"तेच ते नाही!"

पण त्यांनी फोन ठेवला होता. भिंतीला ओरडले मी. चंद्रप्रकाश सरांना सांगितलं तर म्हणाले, "कौतुक करतायत तुमचं, तर तुम्हाला तेही सोसत नाही." सोसत नाही! खरंच सोसत नाही!

७ सप्टेंबर, रविवार

सुगंधाकडून एक पिपेट मागून आणली. प्रीतमला घरी बोलावलं. सिंकसमोर उभा केला.

"अंगठा नाही रे, पहिलं बोट. आणि घामेजलं असेल तर पूस. ओलं बोट घसरतं."

पाणी सटकलं. पुन्हा भर. पुन्हा सटकलं. श्रुतिका म्हणाली, "दादा, आमची टाकी रिकामी करशील." तो हसला, खांदे सैल पडले, आणि पुढच्या वेळी पाणी खुणेवर थांबलं. तिथेच! हलेना! आपल्याच बोटाकडे बघत राहिला पोरगा. मग न सांगता पुन्हा केलं. पुन्हा थांबलं.

आजवर इतक्या सभा गाजवल्या, पण अशी शांतता नाही ऐकली कधी.

एकाचा हात तयार झाला. बाकीच्यांचे? एका सिंकवर अख्खा वर्ग कसा शिकणार? नवी लॅब लवकर व्हायलाच हवी. सोमवारपासून पुन्हा मागे लागते.

१६ सप्टेंबर

प्रीतमला नोकरी लागली!! फोनवर आधी त्याची आईच बोलली. रडत होती. मग मीही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नव्या इमारतीचा नकाशा स्टाफरूममध्ये लावला. सगळे मजले पाहिले. लॅब नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे – 'रसायनशास्त्र स्टुडिओ'. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही वनमाला मॅडमची कमाल. लॅबची गरजच नाही, हे त्यांनी करून दाखवलं." टाळ्या झाल्या.

खोलीत कॅमेरा, दिवे. ओटा एकच. ब्युरेट एकच – माझ्यासाठी.