रीताची कढई

आरमोरी, १२ जानेवारी २०२५

चि. निकेशले कुंताबाईचे आशीर्वाद. तू तिकडं चंद्रपूरले दिवसभर लोकांचे मोबाईल फोडतं, पण तुह्या स्वतःचा एक मोबाईल लागत नाई! भंगारशेठच्या बहिणीवर मासोळीच्या डब्यात चिठ्ठी टाकून बसनं धाडायची वेळ आली.

जाळ्याले लावाले तू पाठवलेल्या शिशाच्या गोळ्या पोहचल्या. तुह्ये भाऊजी गावभर दाखवत फिरले. दामिनीचं पोट अजून दुखते काय? चार वर्षांचं लेकरू, जेवत काऊन नाई? तुह्या बायकोले, रीताले आशीर्वाद. बहिणीवर जीव असू दे, जमलं तर फोनही कर.

तुही बाई, कुंता

चंद्रपूर, २० जानेवारी

ती. कुंताबाईले शि. सा. न. वि. वि. मासोळी मिळाली, अख्ख्या गल्लीले वास गेला. बाई, तू हासतं, पण इथी जुने टीव्ही-कम्प्युटर फोडून जे रोज हाती येते, ते बाबांच्या जाळ्यात सालभर आलं नाई. गल्लीतल्या बायाही घरबसल्या बोर्ड फोडून राह्यल्या. आमच्या धंद्यात फेकायचं काहीच नसते, सारं परत विकलं जाते.

गोळ्यांचं शिसं कम्प्युटरच्या यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांतलं. घरच्याच लोखंडी कढईत वितळवतो. रीता घासून तिच्यातच भजे तळते. काटकसर शिकावी तर तिच्याकडून! दामिनीचं तसंच आहे. पोट धरून बसते, बोलणंही कमी झालं. नजर लागली असंन. गावच्या देवीचा अंगारा पाठव. या शेठवर माया ठेव.

तुह्या निकेश

आरमोरी, २४ जानेवारी

चि. निकेश, आशीर्वाद मंग देईन. शेठ झाला, अन् अक्कल भंगारात तोलून दिली काय रे? बाबा गोळ्या ओताले तलावाच्या पाळीवर जात. आपल्याले जवळ फिरकू देत नव्हते. काम झालं की शिसं वितळवल्याचं मडकं तिथंच फोडत, आंघोळ करून मगच घरात येत. तू त्याले म्हाताऱ्याचं येड म्हणायचा!

अंगारा गेला चुलीत. शिसं पोरीच्या पोटात गेलं असंन. आजच मोठ्या दवाखान्यात ने, रक्त तपासा म्हणा.

कुंता

चंद्रपूर, ३ फेब्रुवारी

ती. बाईले साष्टांग नमस्कार. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाईनं मले साऱ्यांसमोर झाडलं; म्हणे औषध देते, पण आधी लेकराले त्या घरातून काढा. म्हणून दामिनीले रीतासोबत तुह्याकडे धाडून राह्यलो. बाई, हे माह्याच हातानं झालं.

कढईही घरात ठेवली नाई. बाबांसारखी फोडाले गेलो, दगडावर आपटली, पण मजबूत माल, टवकाही उडाला नाई. मंग रविवारच्या बाजारात विकून टाकली. राग धरू नको.

तुह्या निकेश

आरमोरी, ९ फेब्रुवारी

चि. निकेश, दामिनी पोहचली. औषध चालू आहे. काल तिनं मासोळीचा रस्सा मागून खाल्ला, आज मले आत्या म्हणून हाक मारली. मी पदरात तोंड घालून रडली.

पण कढई विकली? अरे शहाण्या, तुह्या धंद्यात फेकायचं काहीच नसते ना? मंग कोणी बाई आज तीच कढई चुलीवर ठेवून लेकराले भजे तळत असंन, अन् स्वस्तात मिळाली म्हणून खूश असंन. बाजारातलं एकेक दुकान पाह्य, घरोघरी विचार, लोकांचे पाय धर. ती कढई हाती आल्याशिवाय पोरीले भेटाले येऊ नको. तोवर तुह्यावर माह्या लोभ नाई.

कुंता