उसवलेली बाही

तोरगाइर,

खुर्चीवर लोकरीचा गुंता पडलाय, पण मांजरावर ओरडू नकोस. तुझ्या नव्या स्वेटरची बाही मीच उसवली.

भर जुलैच्या उन्हाळ्यात घाम पुसत विणत बसले, तेव्हा तू मला वेड्यात काढलंस. माझ्या तपासणीचा निकाल यायच्या आत स्वेटर पुरा करायचा होता. घाईत बाही अगदीच ओबडधोबड झाली.

आज दवाखान्यातून फोन आला. गाठ साधी आहे. हो, गाठ होती. काय बोलायचं ते मी आल्यावर बोल.

झाडाचे प्लम बहिणीकडे द्यायला जातेय. काचघरातल्या टोमॅटोंना पाणी घाल.

ऑक्टोबरची वाट बघतेय. थंडी-पाऊस सुरू झाला की शेगडीपाशी बसून बाही नीट विणीन. तोवर तो कोपराला फाटलेला जुनाच स्वेटर घाल. मला आता घाई नाही.

रांगहिल्ड