बुजवलेली पश्चिम

७ एप्रिल, रविवार, दुपार
पश्चिमेची खिडकी विटांनी बुजवली. स्वतः. आता धाऊदादाचं तोंड दिसणार नाही.
थोरला भाऊ असला म्हणून काय? वास्तुशांतीला, अख्ख्या टोकावडे गावासमोर, हातात बुंदीचा द्रोण धरून म्हणाला, "घर झकास हाय रे जीवन, पण वारा कुठनं येल?" माणसं हसली. मी अठरा वर्षं मुरबाडला हार्डवेअरच्या दुकानात आहे. आणि कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या कुडाच्या घरात राहणारा माणूस मला वारा शिकवणार! त्याची ओटी बरोबर माझ्या खिडकीसमोर. तिथे बसून बिड्या ओढतो. मुद्दाम.
संकल्प: ऊन बाहेर, गारवा आत. सगळं बंद ठेवायचं. सायन्स आहे.

९ एप्रिल
माधुरी म्हणते, घर तापलंय. मी म्हटलं, नवा स्लॅब आहे, सेट व्हायला वेळ लागतो. म्हणाली, सेट होतोय का आपण शिजतोय? सहनशक्ती नाही माझ्या बायकोला.

१२ एप्रिल
पूर्वेच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवला. जोरात फिरतो. हवा जागची हलत नाही. कंपनी फालतू.
आमची मुलगी वैष्णवी बारावी सायन्सला. तिचं म्हणणं, हवेला बाहेर जायला वाट केली, पण आत यायला कुठाय? दुपारचा वारा पश्चिमेकडनं येतो, समोरासमोर दोन खिडक्या हव्यात. विचारलं, हे कॉलेजात शिकवतात? म्हणाली, नाय, धाऊकाकांनी सांगितलं.
जेवलो नाही. भूक नव्हती.

१४ एप्रिल
स्लॅबवर ओली गोणपाटं, दारांना ओल्या चादरी. घर आता गरम आहे आणि ओलंही. माधुरी म्हणाली, इडलीपात्रात बसल्यासारखं वाटतंय. गारव्याची ही पहिली पायरी असते, हे तिला कोण सांगणार?

१७ एप्रिल
थर्मामीटर आणला. दुपारी तीनला आमच्या हॉलमध्ये ४०. वैष्णवी तोच घेऊन काकाच्या ओटीवर गेली. ३५. थर्मामीटर बिघडलेला. दुसरा आणला. तोही बिघडलेला.
म्हणे त्यांच्याकडे भिंत आणि कौलांमध्ये हातभर फट आहे, गरम हवा वर चढून तिथून निघून जाते. फटीचा अभिमान! माझ्या गवंड्याने फट सोडली असती तर भिंत पाडून परत बांधून घेतली असती.

१९ एप्रिल
माधुरी दुपारची रखमीवहिनीकडे जाऊन बसते असं कळलं. बंदी घातली. दुश्मनाच्या ओटीवर पाय ठेवायचा नाही. तिने भांडी आपटली. मुद्दा पटला असावा.

२३ एप्रिल, संध्याकाळ
अक्षर वाईट येतंय. पेन बिघडलंय.
दुपारी दुकानात वैष्णवीचा फोन. माधुरी भाकऱ्या थापता थापता खाली पडली. मोटरसायकल कशी चालवली, आठवत नाही. पोचलो तेव्हा ती धाऊदादाच्या ओटीवर आडवी. दादाने उचलून नेली होती. वहिनी ओल्या फडक्याने तिचे हातपाय पुसत होती. डॉक्टर म्हणाले, उष्माघात होता होता वाचल्या, शेतावर गेल्या होत्या का? वैष्णवीने सांगितलं, घरातच होती. डॉक्टरांनी परत विचारलं, "घरात?" कोणी माझ्याकडे बघितलं नाही. तेच जास्त लागलं.
माधुरीने डोळे उघडले. मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "मी नाय येत."
एकटाच परतलो, डोळे पुसत. धुळीचा रस्ता आहे.

२४ एप्रिल, सकाळ
धाडधाड आवाजाने उठलो. धाऊदादा पहार घेऊन माझी खिडकी फोडत होता. मी ओरडलो, माझी भिंत आहे, पोलिसात जाईन! हात न थांबवता म्हणाला, "जा. पण आदी बाजूला हो, वीट लागंल."
बाजूला झालो. सुरक्षेच्या कारणास्तव.
पोलिसात गेलो नाही. दुकानात माल उतरायचा होता. संध्याकाळी आलो तर भोकातून वारा येत होता. कॅलेंडर फडफडत होतं. हवामान बदललेलं दिसतंय.

२८ एप्रिल, रविवार, संध्याकाळ ७
माधुरी अजून तिकडेच. आज तिला आणायला आणि दादाला चार शब्द सुनावायला गेलो. कागदावर पाच मुद्दे लिहून नेले होते: अपमान, अतिक्रमण, भिंतीची नासधूस, बायको फितवणे, मुलगी फितवणे.
दुपारी दोनला पोचलो. वहिनीने पाणी दिलं. दादा चटईवर लवंडला होता, जरा सरकला. मी टेकलो. ओटीवर वारा होता.
उठलो तेव्हा सहा वाजले होते. डोक्याखाली उशी. माधुरी चहा घेऊन उभी. विचारलं, मी कुठल्या मुद्द्यापर्यंत आलो होतो? म्हणाली, "'हे बघ दादा' एवढं बोललात नि आडवे झालात."
उद्या परत जाणार. दोन वाजता. दुकानात रजा टाकली आहे. मुद्दे पाच आहेत, वेळ लागेल.