मासळीचं पातेलं आणि आतला फारो

मी झ्लाते, दिवंगत येकुतिएल यांची थोरली मुलगी, फायविश यांची बायको, राहणार दुब्रोव्का, पोदोलिया, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझ्या चीजवस्तूंची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी. छातीत पाणी झालंय असं वैद्य म्हणतात. डोकं ठणठणीत आहे. शंका असेल त्याने आधी माझ्या नवऱ्याचं तपासावं.

१. पती. शास्त्रात जे जे घडतं ते माणसाच्या आतच घडतं, असं त्यांचं ठाम मत. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण; त्यात घरात खमीर चालत नाही, म्हणून दर वर्षी मी पिसाने फटी झाडून खमिराचा कण न् कण वेचते; हे बाकावर डोळे मिटून मनातलं खमीर शोधतात. "अगं, खरं खमीर म्हणजे फुगलेला अहंकार! गुलाम करणारा फारो राजा आत आहे, सुटकेची वाट देणारा समुद्रही आतच दुभंगतो." मी म्हटलं, "अहो, मग त्यातलं बादलीभर पाणी काढून द्या, जमीन पुसायचीय." सबब झाडू, पोतेरं व बादली त्यांना तहहयात.

२. शेळी मुलीला, ब्रायनेला. हिने यांच्या ग्रंथाची पानं खाल्ली आहेत. शास्त्र आत उतरवणारी या घरात ती एकटीच, तेव्हा मानाने वागवावी.

३. पिसांची गादी गेट्सल पाणक्याला द्यायची होती, कारण त्याने मला जन्मात कशाचाही अर्थ सांगितला नाही. पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. मग तीही ब्रायनेलाच.

४. मासळीचं तांब्याचं पातेलं. हे आमच्या आईचं. आई गेली, आम्ही दुखवट्याला जमिनीवर बसलेलो, आणि माझी धाकटी बहीण फ्रूमे म्हणाली, "ताई, पातेलं आईने मला कबूल केलं होतं." मी म्हटलं, "कधी? झोपेत?" झालं! तेव्हापासून अबोला. गल्ली एक, विहीर एक, आणि तोंडं दोन दिशांना.

हे म्हणाले, "झ्लाते, पातेलं हाच तुझा मिसर देश. तूच त्यात गुलाम होऊन बसलीयस." तेच उचलून यांना हाणणार होते, पण फार जड निघालं.

यंदा उठवत नाही. घर झाडता येईना, म्हणून पडल्या पडल्या डोळे मिटून आतलंच झाडायला घेतलं. तर काय, जिथे बघावं तिथे फ्रूमे! कितीही झाडली तरी निघेना. मला तिची फार आठवण येते. (हे यांना वाचून दाखवू नये. डोक्यावर बसतील.)

सबब पातेलं फ्रूमेला. हे कलम माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासूनच लागू. अट एकच: तिने स्वतः न्यायला यावं आणि माझ्यासमोर बसून चहा प्यावा. सणाच्या आत यावं. नंतर मी असेनच असं नाही.

सही: झ्लाते
स्थळ: दुब्रोव्का, चुलीजवळचा पलंग
तिथी: निसान महिन्याची आठवी
साक्षीदार: गेट्सल पाणक्या (गादीबद्दल नाराज), झुन्दल शिंपी

खाली, वेगळ्या अक्षरात:

पातेलं मिळालं. बूड जळकं, एक कान मोडका. ताईला मेलं काही सांभाळता येत नाही. म्हणून नेलं नाही, इथेच ठेवलंय. रोज येऊन मीच घासणार. भावोजींच्या हातात बादली दिली आहे. चहा अगदीच फिका होता. उद्या मी करते.
— फ्रूमे