मागच्या सीटवरची कवळी

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारावी लागते म्हणून विचारतो, पण उत्तर मला ठाऊक आहे. सूप पीत असशील आणि ते आणून देणाऱ्या सुनेकडे असं बघत असशील, जणू तिनेच तुझे दात उपटले. इकडे सर्व ठीक. सर्व म्हणजे तुझी कवळी सोडून सर्व. ती हरवलेली नाही (हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील). ती कुठे आहे ते मला माहीत आहे. फक्त ती आता तुझी राहिलेली नाही. ती एका मेलेल्या माणसाची आहे आणि तो माणूस मी आहे.

वाचनालयातल्या तुझ्या भुतांच्या गोष्टींच्या कार्यक्रमाआधी ती तुझ्या तोंडात असेल, हे मी ठरवलं आहे. कार्यक्रम रद्द करा असं तू ग्रंथपाल बाईंना कळवणार आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. कळवू नकोस. तू नाही म्हणालीस तर त्या विज्ञानाच्या मास्तरांना बोलावतील, आणि मास्तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी शास्त्रीय कारण सांगतात. पडदा वाऱ्याने हलला, पावलं उंदराची होती, लोक घरी जाऊन शांत झोपतात. आपल्या घराण्याला हे बघवणार नाही. तू दातांशिवाय सांगून बघितलंस, तेही ताईकडून कळलं. त हा दंत्य वर्ण आहे. दातच नसतील तर जिभेने टेकायचं कुठे? तू नातीला म्हणालीस, तुझ्यामागे भूत उभं आहे. तिला ऐकू आलं भूक, आणि तिने तुझ्यापुढे बिस्किटं ठेवली. घाबरवणाऱ्या बाईचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

तर कवळी. आजवर मी इतक्या कवळ्या केल्या, पण अशी केली नाही. तुझा पुढचा दात किंचित तिरका होता आणि त्याच्या बाजूला फट होती. डॉक्टर म्हणाले, सरळ करून टाका, छान दिसेल. मी केला नाही. तुझ्या गोष्टींतला वारा त्या फटीतून वाहायचा. फट ठेवली, साचा फोडला, कवळी बाहेर काढली (साचा फोडावाच लागतो, म्हणून लगेच दुसरी करून पाठव असं लिहू नकोस, नव्या मापापासून सुरुवात करावी लागेल आणि तेवढा वेळ नाही). डबीत घातली, टॅक्सीत बसलो आणि दवाखान्याकडे निघालो. भर दुपार होती. ऊन इतकं की भुतालाही टोपी लागली असती.

बसताना मी दार जोरात लावलं. चालक ओरडला, "साहेब, हळू! ट्रॅक्टर आहे का हा?" मी दिलगिरी व्यक्त केली, भाडं आगाऊ दिलं, डबी बाजूला ठेवली. मग त्याने न विचारता गोष्ट सुरू केली. सुरुवात अशी: "पुलावर एक बाई हात करते, ती शेवटी भूत निघते." आत्या, शेवट पहिल्याच वाक्यात! तुझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाने हे ऐकून गप्प बसायचं? मी त्याला समजावलं की बाई आधी नुसती बाई असू दे, तिला काच खाली करायला सांगू दे, भाड्यावरून घासाघीस करू दे. तो म्हणाला, "एवढं येतंय तर तुम्हीच चालवा गाडी." आणि मी दिसू नये म्हणून त्याने आरसा फिरवला. (याला गोष्टही धड सांगता येत नव्हती आणि रुसताही येत नव्हतं. आरसा फिरवल्यावर मला त्याचा रडवेला चेहरा दिसायला लागला.)

दवाखान्यासमोर सिग्नल लागला. मी "जातो" म्हणालो आणि उतरलो. येतो म्हणायला हवं होतं, तू असतीस तर चिमटा काढला असतास. पण त्या गाडीत परत यायचा माझा विचार नव्हता, म्हणून खरं ते बोललो. दार या वेळी इतकं हळू लावलं की मलाच ऐकू आलं नाही. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, गाडीने हिसका दिला, सीटवर विसरलेली डबी उलटून उघडली. पुढे कुठेतरी त्याने रुसवा सोडून मागे वळून बघितलं. सीटवर मी नाही. माझ्या जागी दात, आणि दात हसतायत. शेवटचा शब्द काय होता, तर जातो.

मी तोपर्यंत डॉक्टरांपुढे रिकाम्या हातांनी उभा होतो. ते म्हणाले, "आत्याबाईंचे दात कुठायत?" मी म्हणालो, टॅक्सीत. "मग आत्याबाईंना टॅक्सीत बसवा," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीस्टँडवर गेलो. गोष्ट माझ्याआधी पोचली होती. तीत मी उंच होतो, गोरा होतो (एवढं एक बरं वाटलं), बायकोच्या विरहात पुलावरून उडी मारलेला होतो, आणि दातांनी चालकाला नावाने हाक मारली होती. मी म्हणालो, तो माणूस मी. एक म्हातारा चालक म्हणाला, "अहो, तो गेला."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला. मी स्वतः बघितलाय त्याला, झाकलेला."

मी रोज जात राहिलो. ते मला दातवाले काका म्हणू लागले आणि मीही ती गोष्ट ऐकायला येतो असं समजून बाकावर जागा देऊ लागले. शेवटी आपला चालक सापडला. मला बघून पांढरा पडला. मग पुढे येऊन त्याने माझा दंड दाबून पाहिला आणि "जिवंत आहात होय," असं म्हणाला, जसं आपण बस चुकल्यावर "गेली होय" म्हणतो. कवळी? कवळी देणार नाही. का? तो म्हणाला, "लग्न झाल्यापासून बायकोने माझी एक गोष्ट पुरी ऐकली नाही. मध्येच उठते, गॅस बारीक करायला. या गोष्टीला बसून राहिली. भाजी करपली, साहेब, पण ती उठली नाही. आता तुम्ही जिवंत निघालात तर मी तिला काय तोंड दाखवू?" मी तक्रार करीन म्हणालो. तो म्हणाला, "करा की. मेलेल्याची तक्रार लिहून घेतात का बघा."

त्याच्यावर चिडायला हवं होतं, ते जमलं नाही. पण मी हटलोही नाही. कवळी मिळेल. तू फक्त ग्रंथपाल बाईंना काही कळवू नकोस. थोरांना नमस्कार, लहानांना जे हवं असेल ते.

तुझा,
दातवाला भाचा

ता. क. मिळेल असं लिहिलं ते कसं, हे लिहायचं राहिलं (राहिलं नाही, धीर होत नव्हता). आमचं ठरलं आहे. कवळी घेऊन तो स्वतः वाचनालयात येईल, बायकोला पहिल्या रांगेत बसवील आणि तुझ्याआधी आपली गोष्ट सांगेल. तू बाजूला गप्प बसायचंस. तो वाईट सांगेल, तरी गप्प बसायचंस. शेवटी तो डबी उघडून दात सगळ्यांना दाखवील. तेव्हा तू ऊठ, त्याच्या हातातून कवळी घे, पाण्यात बुडव आणि सगळ्यांदेखत तोंडात बसव. मग तुझी गोष्ट सुरू कर. विज्ञानाचे मास्तर श्रोत्यांत असतील. त्यांनाही काही कारण सुचेल असं वाटत नाही.

आणखी एक. अट अशी की मी मेलेलाच राहायचं, म्हणजे सभागृहात दिसायचं नाही. तुझा एकही कार्यक्रम मी आजवर चुकवलेला नाही आणि हाही चुकवणार नाही. ग्रंथपाल बाईंना उकाड्याचं निमित्त सांगून मागची खिडकी उघडी ठेवायला लाव. मी बाहेर उभा असेन. मधेच कोणी विचारलं की खिडकीत कोण आहे, तर कोणी नाही म्हण. तू सांगितलंस की लोकांना खरं वाटतं.