दोन तारखेची तपासणी

शुक्रवार, २४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. टाके सुकले का? जड काही उचलू नकोस, आणि उचललंसच तर निदान मला सांगू नकोस. मी बरी आहे. खिडकीची काच एकदाची बसवून घेतली. भाचीला सांग, तिचं कोडं मला सुटलं नाही; मावशी कॉम्प्युटरवाली असली तरी मठ्ठच आहे.

काल फोनवर तू म्हणालीस, "सोमवारी लिफ्टच्या चौकशीत मी सांगणार, नऊ तारखेला हे दोन तास कामावर जाऊन आले म्हणून. माझं काय जातंय!" मी नुसतं "हं" केलं. नंतर तीनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. म्हणून हे पत्र. संध्याकाळी तुझ्या दाराखालून सरकवून जाईन.

ताई, तसं सांगू नकोस. नऊला तुझं ऑपरेशन होतं. भावोजी सकाळपासून ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावरून हलले नाहीत, चहासुद्धा मीच आणून दिला. दवाखान्यातल्या चारचौघांनी त्यांना पाहिलंय. तुझं खोटं पाच मिनिटं टिकणार नाही, आणि मग त्यांचं खरंही कुणी ऐकणार नाही.

ते पहिल्यापासून सांगताहेत की ती लिफ्ट त्यांनी दोन तारखेला तपासली. पण चौदाला ती अर्धा मजला घसरली, रखवालदाराचा पाय मोडला, आणि इमारतीच्या मालकांनी कागद काढला तर त्यावर तपासणीची तारीख नऊ. खाली भावोजींची सही. रजेवरचा माणूस लिफ्ट तपासेल कशी? न तपासताच सही ठोकली, असंच सगळ्यांना वाटलं. तूही त्यांना विचारलंस, "खरं सांगा, गेला होतात का तिथे?" तेव्हापासून ते तुझ्याशी धड बोलत नाहीत.

ती नऊ तारीख भावोजींनी घातलेली नाही. ती माझ्यामुळे छापली गेली.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिसला नोंदींचा प्रोग्रॅम मीच करून दिला ना? तपासणीच्या तारखेच्या रकान्याला मी नुसतं 'डेट' असं नाव दिलं. हा त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा राखीव शब्द. त्याच्या लेखी 'डेट' म्हणजे आजची तारीख. असे शब्द रकान्यांना देऊ नयेत, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आमच्या सरांनी यादीच दिली होती. मी म्हटलं, एवढी लांबलचक यादी कोण वाचतंय! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

आत नोंद बरोबर असायची, पण छापताना त्या दिवसाची तारीख उमटायची. सहीसुद्धा आपोआप यायची, ती माझीच करामत. भावोजी संध्याकाळी नोंद करायचे, ऑफिसातल्या बाई लगेच कागद काढायच्या, म्हणून तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. या वेळी आठवडाभर प्रिंटर बंद होता. कागद निघाला तो नऊला.

इथवर ही चूक आहे. पुढचं मी जाणूनबुजून केलं.

पंधराला तू रडत फोन केलास, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. सोळाला मी त्यांच्या ऑफिसात गेले. बॅकअप घ्यायचाय म्हटलं. बॅकअप घेतला आणि गुपचूप रकान्याचं नाव बदललं. छापून पाहिलं, दोन तारीख आली. मनाशी म्हटलं, आता चौकशीवाले नवा कागद काढतील आणि भावोजी सुटतील. करायला गेले एक आणि झालं भलतंच. जुना कागद नऊचा, नवा दोनचा; मालक म्हणाले, "बघा, मागाहून तारीख बदलली!" कामचुकार म्हणून अडकलेला माणूस माझ्यामुळे लबाड ठरला.

मी गप्प बसले कारण मला भीती वाटली. गेल्याच महिन्यात एका मोठ्या इस्पितळाच्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. जिला एका रकान्याचं नाव धड ठेवता येत नाही, तिच्याकडे त्या कोण राहू देईल? घरी येऊन भावोजींना म्हणत होते, "होईल सगळं नीट." त्यांनी मलाच धीर दिला गं ताई. मला लाज वाटते.

सोमवारी दहाला मी तिथे येतेय. सोळाला नाव बदलायच्या आधी घेतलेला बॅकअप माझ्याकडे आहे. सगळ्यांसमोर तोच कागद पुन्हा काढीन. दोन तारखेच्या तपासणीवर सोमवारची तारीख उमटेल, खाली भावोजींच्या सहीसकट. मग नाव कुणी आणि कधी बदललं, तेही सांगेन. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होवो.

तू फक्त खरं सांग. ते दिवसभर तुझ्याजवळ होते. आणि आधी हे पत्र भावोजींना दे. चौकशीच्या खोलीत सगळ्यांबरोबर त्यांना हे कळावं, एवढी वाईट मला व्हायचं नाही.

आठ दिवस तोंड न उघडलेली,
तुझी धाकटी